नव्या कार्यालयातील सॉफ्टवेअर कायदेशीर करून घेण्याची रीत

नागपुरात नवा व्यवसाय थाटणारा माणूस, मग त्याचे धरमपेठेत करसल्लागाराचे कार्यालय असो, महालात पत्रिका-फ्लेक्सचे दुकान असो किंवा हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा कारखाना असो, जागेचा करारनामा, जीएसटीची नोंदणी आणि वीजबिल व्यवस्थित फाइलला लावून ठेवतो. संगणकातील सॉफ्टवेअरचे कागद मात्र त्या फाइलमध्ये सहसा नसतात. संगणक घेताना ‘विंडोज, ऑफिस, कोरल सगळं टाकून देतो’ असे विक्रेत्याने सांगितलेले असते आणि टाकून दिलेल्या वस्तूचे बिल मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पुढे कधी नोटीस आली, तर पहिला प्रश्न नेमका त्या बिलाचाच असतो. म्हणून पाच-दहा संगणकांच्या कार्यालयाने काय तपासावे, काय काढून टाकावे आणि कशासाठी पैसे मोजावेत, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

कायदा कुठे लागतो

संगणकाचा प्रोग्राम हा भारतीय कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृती आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम २ मधील व्याख्येतच तसे म्हटले आहे, त्यामुळे पुस्तकाच्या चोरट्या आवृत्तीला जे नियम लागतात त्यांपैकी बरेचसे सॉफ्टवेअरलाही लागतात. सॉफ्टवेअरसाठी एक जादा कलमही आहे. कलम ६३-ब नुसार, प्रत बेकायदेशीर आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरणे हाच गुन्हा ठरतो. त्यासाठी किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्याच्या ओघात झालेला नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते. पण कार्यालयातील वापर धंद्याच्या ओघातलाच असतो, हे लक्षात ठेवावे. प्रती तयार करणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला लागणारे कलम ६३ याहून कडक आहे, कारण तेथे कैद किमान ६ महिन्यांची आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कलम ६४ अन्वये उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो.

‘कामावरच्या मुलाने टाकले, मला काय माहीत’ हा बचाव मालकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. गुन्हा कंपनीकडून घडला असेल, तर त्या वेळी कंपनीचा कारभार पाहणाऱ्यांनाही कलम ६९ जबाबदार धरते, आणि सुटका हवी असेल तर आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यांनी सिद्ध करावे लागते. खाली सांगितलेली नोंदवही म्हणजे या काळजीचा लेखी पुरावाच होय.

पहिली पायरी: मोजणी

एका वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक संगणकाला एक ओळ द्यावी. त्या ओळीत संगणकाचा अनुक्रमांक, तो वापरणारी व्यक्ती, खरेदीची तारीख, बिल आहे की नाही आणि आतील प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती लिहावी. सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ची यादी उघडून ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी, आठवणीवर विसंबू नये, कारण कोणी तरी एकदा वापरून सोडून दिलेले फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर हमखास याच यादीत सापडते. मोजणी चालू असताना काहीही पुसू नये. आधी चित्र पूर्ण होऊ द्यावे.

याच वेळी दोन जागा उघडून पाहाव्यात. पहिली म्हणजे विंडोज सिक्युरिटीमधील ‘एक्स्क्लुजन्स’ची यादी. क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय सॉफ्टवेअर चालवणारी फाइल, बसवणारा माणूस अँटिव्हायरसने हरकत घेऊ नये म्हणून एखादे फोल्डर किंवा पूर्ण सी ड्राइव्हच या यादीत घालून ठेवतो, आणि मग त्या दारातून काय आत येते यावर कोणाचेच लक्ष राहत नाही. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर विषाणू प्रामुख्याने क्रॅक आणि की-जनरेटरच्या (लायसन्सचे नकली क्रमांक तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या) फायलींतूनच पसरले. घरच्या आणि छोट्या कार्यालयांच्या संगणकांतील फोटो, हिशेब आणि बॅकअप त्यांनी कुलूपबंद करून टाकले. दुसरी जागा म्हणजे विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमधील ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडल्यावर एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या पत्त्यांपुढे १२७.०.०.१ असे आकडे ओळीने लिहिलेले दिसले, तर ते सॉफ्टवेअर आपल्या मूळ कंपनीशी बोलू नये अशी व्यवस्था कोणी तरी करून ठेवलेली आहे. ज्याने पैसे देऊन लायसन्स घेतले आहे, त्याला अशी व्यवस्था करण्याची गरज पडत नाही.

दुसरी पायरी: विंडोजची शहानिशा

येथे थोडा जास्त वेळ द्यावा, कारण सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहेत. ‘विंडोज इज ॲक्टिव्हेटेड’ ही ओळ दिसली की लोक निश्चिंत होतात. ती ओळ एवढेच सांगते की आत्ता या संगणकाची मूळ कंपनीच्या सर्व्हरशी किंवा त्याचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रामशी सहमती झालेली आहे. लायसन्स आपल्या मालकीचे आहे की नाही, हे ती सांगत नाही.

कमांड प्रॉम्प्ट उघडून एस-एल-एम-जी-आर ही अक्षरे, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि डी-एल-व्ही असे रोमन लिपीत लिहून एंटर दाबले की एक चौकट येते. तिच्यातील ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत शेवटी चॅनेलचे, म्हणजे लायसन्स कोणत्या मार्गाने आले त्याचे, नाव असते. तेथे ‘ओईएम’ असेल तर विंडोज संगणक बनवणाऱ्या कंपनीकडून आलेले आहे, ‘रिटेल’ असेल तर ते सुटे विकत घेतलेले असायला हवे, आणि ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असेल तर थांबून विचार करावा. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची पद्धत आहे. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून मिळालेली मान्यता १८० दिवस टिकते आणि तिचे वेळोवेळी नूतनीकरण होत राहते, शिवाय किमान २५ संगणक जोडलेले असल्याशिवाय तो सर्व्हर साध्या विंडोजला मान्यता देतच नाही. चार संगणकांच्या कार्यालयात, जेथे असा सर्व्हर कोणी पाहिलेला नाही, तेथे केएमएस दिसणे म्हणजे नकली ॲक्टिव्हेटर बसवल्याची जवळजवळ खात्रीच. उलट काही पॅच, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणारे बदल, इतके सफाईदार असतात की ‘डिजिटल लायसन्स’ असेच दाखवतात आणि चॅनेलवरूनही संशय येत नाही. म्हणून चौकट पाहावी, पण निवाडा बिलावर करावा.

एक प्रकार वारंवार दिसतो आणि त्यातून सुटण्याचा मार्ग फुकटचा आहे. नामांकित कंपनीचा लॅपटॉप मुळातच विंडोज होम घेऊन येतो आणि त्याची की (लायसन्सचा सांकेतिक क्रमांक) मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. पुढे कधी लॅपटॉप मंदावतो, सीताबर्डीवर किंवा घराजवळच्या दुकानात ‘फॉरमॅट मारायला’ दिला जातो, आणि दुकानदार आपल्या पेनड्राइव्हमधील क्रॅक केलेले विंडोज प्रो त्यावर टाकून देतो. मालकाकडे अस्सल होम असूनही तो नकली प्रो वापरत राहतो. अशा लॅपटॉपमधील कामाच्या फायलींची प्रत बाहेर काढून घ्यावी, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून होम आवृत्ती नव्याने बसवावी. ती चिपमधील की आपोआप ओळखते आणि इंटरनेट जोडताच मान्य होते. प्रोची गरज छोट्या कार्यालयात खरोखर किती जणांना असते, हा प्रश्नच आहे.

असेम्बल्ड संगणकाचे तसे नसते. त्यात मुळात काहीच नसते, म्हणून लायसन्स घेणे किंवा लिनक्स बसवणे हे दोनच रस्ते उरतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) संपला आणि बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकांवर केवळ ब्राउझर, ईमेल आणि टायपिंग चालत असेल, तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली बसवून पाहण्यात तोटा काहीच नाही.

तिसरी पायरी: ‘मोफत’चे प्रकार वेगळे काढणे

मोफत उतरवता येते म्हणजे कार्यालयात मोफत वापरता येते, असे नाही. टीमव्ह्यूअर आणि कित्येक अँटिव्हायरसांच्या मोफत आवृत्त्या केवळ व्यक्तिगत वापरापुरत्या असतात. लॅपटॉपबरोबर मिळालेले ‘ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१’ अस्सल असले, तरी त्याच्या अटींनुसार ते व्यवसायासाठी वापरता येत नाही. नवखे लोक बिल असूनही नेमके येथेच अडकतात. महाविद्यालयाच्या ईमेलवर मिळालेले आरेखनाचे सॉफ्टवेअर शिक्षणापुरते असते, आणि कामावर ठेवलेल्या नव्या अभियंत्याने ते आपल्या लॅपटॉपमधून कारखान्यात आणले, तर जबाबदारी कारखान्यावर येते. विनरारचा चाचणीचा काळ ४० दिवसांचा असतो आणि नंतरही ते चालतच राहते, म्हणून ते मोफत आहे असा समज पसरला आहे. त्याऐवजी ७-झिप वापरावे.

खऱ्या अर्थाने मुक्त असलेली लिबरऑफिस, इंकस्केप, गिम्प, स्क्रायबस, व्हीएलसी अशी सॉफ्टवेअर व्यवसायासाठीही विनाशुल्क आहेत. ती मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावीत.

टॅलीमध्ये लायसन्स नसल्यास ते शैक्षणिक अवस्थेत चालते आणि महिन्याच्या १, २ व ३१ तारखेच्याच नोंदी घेते. एखाद्या कार्यालयातील टॅली लायसन्सशिवाय सर्व तारखा स्वीकारत असेल, तर तिच्यात कोणी काय केले आहे हे वेगळे सांगायला नको.

चौथी पायरी: काय विकत घ्यावे, काय बदलावे

मोजणीनंतर यादी मोठी दिसते आणि धसका बसतो. प्रत्यक्षात पैसे मोजावे लागतील अशा वस्तू त्यात थोड्याच निघतात. पत्रे, कोटेशन आणि साधे तक्ते एवढेच काम असेल, तर लिबरऑफिस पुरते. मात्र ज्या संगणकावर करसल्लागाराच्या मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फायली उघडाव्या लागतात, तेथे एक्सेलचे व्यावसायिक लायसन्स घेणेच शहाणपणाचे आहे. सर्वांना तेच हवे, असे नव्हे.

छपाईच्या धंद्यात निवड इतकी सोपी नाही. पत्रिका, फ्लेक्स आणि बिलबुकांचे वर्षानुवर्षांचे काम कोरलड्रॉच्या फायलींत साठलेले असते आणि ग्राहक मागच्या वर्षीची पत्रिका ‘तारीख बदलून द्या’ म्हणून परत येतो. इंकस्केप या फायली उघडते, पण ठेवण आणि अक्षरे पुष्कळदा बिघडतात, आणि छापखान्याला लागणाऱ्या चार रंगांच्या विभागणीत तिचे बळ कमी पडते. स्क्रायबस त्या बाबतीत चांगले आहे, पण हात बसायला वेळ लागतो. म्हणून छापखान्यासाठी सल्ला असा की, डिझाइन प्रत्यक्ष जेथे होते त्या एका किंवा दोन संगणकांसाठी कोरलचे लायसन्स घ्यावे, आणि टायपिंग, मुद्रितशोधन व बिलिंगच्या संगणकांवरून ते काढून टाकावे. पाच जागी क्रॅक असण्यापेक्षा एका जागी अस्सल असलेले केव्हाही परवडते.

फॉन्ट हेही सॉफ्टवेअरच आहे, याची आठवण छपाईवाल्यांना सर्वांत उशिरा होते. जुन्या मराठी टायपिंगच्या संचांना संगणकाच्या मागे लावायचे डोंगल असे. ते हरवले की संच चालत नसे, आणि त्या गैरसोयीतूनच डोंगल चुकवणारे पॅच आणि सुट्या फॉन्टच्या सीडी हातोहात फिरू लागल्या. विकत घेतलेल्या संचाचे डोंगल बिघडले असेल, तर बिल दाखवून कंपनीकडे बदलीची मागणी करावी. कायद्याने दिलेली मुभा येथे नीट समजून घ्यावी: कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते, असे कलम ५२(१)(कक) मध्ये म्हटले आहे; तीच प्रत दुसऱ्या संगणकावर वापरायला ते कलम परवानगी देत नाही. दुसरीकडे, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचे कुलूप फोडणाऱ्याला कलम ६५-अ नुसार २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हे कलम २०१२ च्या दुरुस्तीने आले. नव्या कामासाठी मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी असे खुल्या परवान्याचे युनिकोड फॉन्ट घ्यावेत. ते व्यवसायात विनाशुल्क वापरता येतात, आणि मजकूर ईमेलवर पाठवला तरी समोरच्याला डबे दिसत नाहीत.

पाचवी पायरी: खरेदी आणि बिल

ऑनलाइन बाजारात चार-पाचशे रुपयांत ‘लाइफटाइम की’ मिळते. तिला हात लावू नये. अशा पुष्कळशा की मोठ्या संस्थांच्या व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या किंवा जुन्या संगणकांतून उचललेल्या असतात. त्या आज चालतात आणि मूळ कंपनीने रद्द केल्या की बंद पडतात, आणि चालत असतानाही त्यांच्यामागे आपल्या नावाचा परवाना नसतो.

अधिकृत विक्रेत्याकडून घेताना बिलावर आपल्या फर्मचे नाव, आपला आणि विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, सॉफ्टवेअरचे पूर्ण नाव, आवृत्ती, किती जणांसाठी आणि किती काळासाठी, हे सारे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘संगणक, सॉफ्टवेअरसह’ असे एका ओळीत लिहिलेले बिल स्वीकारू नये. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याची वजावट सामान्यतः मिळते, त्यामुळे बिनबिलाच्या व्यवहारात वाटते तेवढी बचतही होत नाही. बिल, लायसन्सचे प्रमाणपत्र आणि की आलेला ईमेल यांची प्रत मोजणीच्या नोंदवहीत त्या-त्या ओळीपुढे लावावी. लायसन्स कार्यालयाच्या ईमेलवर घ्यावे. संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाच्या जीमेलवर घेतले, तर तो नोकरी सोडून पुण्याला गेल्यावर पासवर्डसाठी त्याच्या विनवण्या कराव्या लागतात.

स्थानिक प्रोग्रामरकडून बिलिंगचे किंवा हजेरीचे सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क कलम १७ नुसार मालकाचा असतो, पण बाहेरच्या प्रोग्रामरला पैसे दिले म्हणून हक्क आपोआप आपल्याकडे येत नाही. हक्क हवा असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचे हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांचेच धरले जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. केवळ वापरण्याचा परवाना पुरेसा असेल तर तसेच लिहावे, पण सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखाणाची, प्रत कोणत्या प्रसंगी मिळेल याची अट टाकायला विसरू नये. याविषयी प्राथमिक समज करून घ्यायची असेल, तर त्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, आणि तिच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावे.

नोटीस आली तर

अभियांत्रिकी आरेखनाची महागडी सॉफ्टवेअर क्रॅक केलेल्या अवस्थेतही इंटरनेटवरून आपल्या कंपनीला संगणकाची ओळख कळवू शकतात. त्यामुळे बुटीबोरीतील एखाद्या कारखान्याला अचानक ईमेल, फोन किंवा वकिलाचे पत्र येते. पहिली गोष्ट म्हणजे त्याच रात्री सगळे संगणक फॉरमॅट करू नयेत. कंपनीकडे आधीच नोंदी असतील, तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपापेक्षा जड पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे पत्र खरे आहे की नाही ते तपासावे: पाठवणारा खरोखर कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी आहे का, याची कंपनीच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर लिहून खात्री करून घ्यावी, कारण या भीतीचा फायदा घेऊन पैसे उकळणारेही असतात. तोपर्यंत फोनवर ‘हो, आमच्याकडे इतक्या प्रती आहेत’ असे काही बोलू नये आणि कोणत्याही कबुलीपत्रावर सही करू नये.

त्यानंतर नोंदवही आणि बिले घेऊन बौद्धिक संपदेचे काम पाहणाऱ्या वकिलाकडे जावे. पुष्कळ प्रकरणे लायसन्स खरेदी आणि काही भरपाई यांवर मिटतात, पण किती प्रतींसाठी, कोणत्या आवृत्तीसाठी आणि मागील वापराबद्दल पुढे दावा करणार नाही असे लेखी मिळते का, हे वकिलाने पाहायचे असते. दिवाणी दाव्यात न्यायालयाने नेमलेला आयुक्त पूर्वसूचना न देता कार्यालयात येऊन संगणक तपासू शकतो. तो आल्यास आदेशाची प्रत मागून वाचावी, वकिलाला फोन करावा आणि तपासात अडथळा आणू नये. पोलिसांनी जप्ती केली असेल आणि त्या प्रतींवर आपला हक्क असेल, तर १५ दिवसांच्या आत त्या परत मिळण्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, म्हणून पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी घ्यावी. आणि आपली सर्व बिले चोख असूनही कोणी धमक्या देत असेल, तर त्या निराधार असल्याचे न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याची सोय कलम ६० मध्ये आहे. छोट्या व्यावसायिकांना हे कलम जवळजवळ ठाऊकच नसते.

वर्षातून एकदा, आणि संगणक विकताना

मार्चअखेरीस हिशेब जुळवताना नोंदवहीही जुळवून घ्यावी. वार्षिक भाड्याच्या लायसन्सची मुदत, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती आणि वर्षभरात आलेले नवे संगणक, एवढे पाहिले तरी पुरते. कर्मचाऱ्यांना प्रशासकाचा पासवर्ड देऊ नये. तो दिला नाही तर नवे क्रॅक बसण्याचा मार्ग बहुतांशी बंद होतो.

जुना संगणक विकताना किंवा बदली देताना मदरबोर्डमधील ओईएम विंडोज त्याच्याबरोबरच जाते, ते नव्या संगणकावर नेता येत नाही. सुटे घेतलेले रिटेल लायसन्स मात्र जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. टॅलीचे लायसन्स आधी जुन्या संगणकावरून ‘सरेंडर’ करावे आणि मगच नव्यावर सुरू करावे. हार्ड डिस्क भंगारात गेल्यावर ही आठवण झाली, तर ग्राहकसेवेकडे खेटे घालावे लागतात. संगणक दिल्याच्या दिवशी नोंदवहीतील त्याची ओळ खोडू नये, तिच्यापुढे ‘विकला’ असे लिहून तारीख आणि घेणाऱ्याच्या पावतीचा क्रमांक टाकावा.